अमेरिकी फुटबॉलमधली ‘आतली बातमी’ कशी वाचायची

प्रश्न असा आहे: एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे टीव्ही हक्क, संघमालकांच्या हालचाली, खेळाडूंचे करार यांबद्दल रोज ‘सूत्रांनी सांगितले’ अशा बातम्या येतात. त्यातलं खरं किती धरायचं? आणि मालक, वाहिन्या, वॉशिंग्टनचे राजकारणी यांच्यात शेवटी चालतं कोणाचं?

सूत्र कोण असेल याचा तर्क लढवण्यात वेळ घालवू नका, तो बहुधा चुकतो. त्याऐवजी बातमीला तीन प्रश्न विचारा. हा निर्णय पक्का व्हायला किती मतं लागतात? करार कोणत्या तारखेला संपतो? आणि या बोलण्याचा कागद कुठे नोंदवावा लागतो का? आतल्या गप्पा या बहुतेक वेळा चालू वाटाघाटींतल्या खेळी असतात. मतं, मुदत आणि कागद माहीत असले की खेळी कोणाची, हे आपोआप कळायला लागतं.

मतांपासून सुरुवात करू. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि संघाची विक्री, स्थलांतर, टीव्ही करार अशा मोठ्या निर्णयांना तीन चतुर्थांश म्हणजे २४ मतं लागतात. म्हणजे नऊ मालक एकत्र आले की कोणताही ठराव अडतो. ‘बहुसंख्य मालकांचा पाठिंबा आहे’ ही बातमी त्यामुळे जवळजवळ निरर्थक असते. बहुसंख्य म्हणजे १७ आणि १७ ला अजून सात कमी पडतात. मोजायचे ते विरोधक. आयुक्त रॉजर गुडेल २००६ पासून या पदावर आहेत आणि टीव्हीवर तेच सगळ्यात ताकदवान दिसतात, पण त्यांची नेमणूक आणि पगार मालकांच्या हातात आहे. त्यांचं खरं कौशल्य २४ चा आकडा जमल्याशिवाय मतदान न घेण्यात आहे. म्हणूनच बैठकीनंतर जाहीर होणारे निकाल ३१-१ किंवा एकमतानं असे दिसतात. भांडण आधीच, बंद दाराआड, फोनवर होऊन गेलेलं असतं.

जानेवारी २०१६ ची ह्यूस्टनची बैठक याचा सगळ्यात चांगला दाखला आहे. लॉस एंजेलिसला संघ न्यायचा होता आणि दोन योजना समोर होत्या. सेंट लुइस रॅम्सचे मालक स्टॅन क्रोंकी यांची लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडची, आणि चार्जर्स व रेडर्स या दोन संघांची मिळून तिथल्याच कार्सनची. कार्सनच्या स्टेडियम प्रकल्पाचं अध्यक्षपद डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी स्वीकारलं होतं. म्हणजे लीगकडून सामने विकत घेणाऱ्या बड्या ग्राहकाचा प्रमुख उघडपणे एका बाजूला उभा होता. मालकांच्या सहा जणांच्या समितीनं ५ विरुद्ध १ अशी कार्सनचीच शिफारस केली. समितीची शिफारस म्हणजे निर्णय असं धरणारे सगळे इथे फसले. सुरुवातीच्या फेऱ्या गुप्त मतदानानं झाल्या, डॅलस काउबॉइजचे जेरी जोन्स यांनी क्रोंकींसाठी मोर्चेबांधणी केली होती, आणि शेवटचा निकाल ३०-२ असा इंगलवूडच्या बाजूनं लागला. हात वर करून मतदान असतं तर काहींना समितीतल्या वजनदार सहकाऱ्यांना दुखवणं जड गेलं असतं. मतदान गुप्त की उघड, हा तपशील बातमीच्या तळाशी असतो. तो आधी शोधा.

या प्रकरणाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. सेंट लुइसनं लीगवर आणि मालकांवर खटला भरला, न्यायालयानं काही मालकांकडे आर्थिक कागदपत्रं मागितली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये लीगच्या बाजूनं ७९ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. मालक पैशाला फारसे घाबरत नाहीत. हिशेबाच्या वह्या न्यायालयात उघडण्याला घाबरतात. खटल्यात कागद मागवण्याचा टप्पा जवळ आला की तडजोडीच्या बातम्या का सुरू होतात, ते यावरून लक्षात येईल.

आता वॉशिंग्टन. लीगची सगळी श्रीमंती एका कायद्यावर उभी आहे. ३२ वेगवेगळ्या मालकांनी एकत्र येऊन माल एकाच किमतीला विकणं ही अमेरिकी कायद्यात एरवी मक्तेदारी ठरते, आणि जुलै १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायाधीशांनी सीबीएस या वाहिनीबरोबरचा एकत्रित करार त्याच कारणानं अडवला होता. तरुण आयुक्त पीट रोझेल वॉशिंग्टनला धावले, संसदेनं स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग अ‍ॅक्ट मंजूर केला आणि ३० सप्टेंबर १९६१ ला अध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. अवघ्या काही आठवड्यांत.

पाच वर्षांनी एएफएल या प्रतिस्पर्धी लीगबरोबर विलीनीकरण करायचं होतं, त्यालाही कायद्याची सूट हवी होती. प्रतिनिधिगृहातल्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर अडून बसले. लुइझियानाचे हेल बॉग्ज आणि सेनेटर रसेल लाँग यांनी ती सूट एका करविषयक विधेयकाला जोडून समितीला वळसा घातला. ऑक्टोबर १९६६ मध्ये विधेयक पार पडलं आणि १ नोव्हेंबरला लुइझियानातल्याच न्यू ऑर्लिन्सला संघ मिळाल्याची घोषणा झाली. हा सौदा कोणत्याही कागदावर लिहिलेला नाही, पण दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरे. आतल्या बोलण्याचा पुरावा बहुतेक वेळा असाच मिळतो.

१९६१ च्या कायद्याची दोन कलमं आजही रोजच्या बातम्यांत डोकावतात, आणि ती ठाऊक नसल्यामुळे लोक भलते अर्थ काढतात. पहिलं म्हणजे, कॉलेज आणि शाळांच्या हंगामात, सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर आणि शनिवारी एनएफएलचे सामने दाखवले तर कायद्याचं संरक्षण जातं. म्हणून थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शुक्रवारचा अ‍ॅमेझॉनवरचा सामना न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ३ ला सुरू होतो. म्हणूनच ब्राझीलमधले सामने ६ सप्टेंबर २०२४ आणि ५ सप्टेंबर २०२५ या तारखांना झाले. दोन्ही त्या महिन्याचे पहिले शुक्रवार होते. दुसरं कलम जास्त धोक्याचं आहे. संरक्षण आहे ते प्रायोजित, म्हणजे अँटेनावर फुकट दिसणाऱ्या प्रक्षेपणाला. केबल, उपग्रह आणि स्ट्रीमिंगवर पैसे घेऊन विकलेल्या सामन्यांना ते लागू होत नाही असा अर्थ न्यायालयांनी लावला आहे. रविवारचे सामने पैसे भरून पाहण्याच्या ‘संडे तिकीट’ या पॅकेजवरच्या खटल्यात लॉस एंजेलिसच्या ज्यूरीनं जून २०२४ मध्ये ४.७ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. मक्तेदारीविरोधी कायद्यात ती तिप्पट होते, म्हणजे १४ अब्जांच्या वर. १ ऑगस्टला न्यायाधीशांनीच तो निकाल रद्द केला आणि प्रकरण अपिलात गेलं. एखादा खासदार ‘एनएफएलची सूट तपासली पाहिजे’ म्हणाला की लीगचे लोक कान टवकारतात ते याच कारणानं. जितके जास्त सामने स्ट्रीमिंगला, तितकं कायद्याचं छत्र आखूड.

पैशाची बाजू मोजायला अफवांची गरज नाही. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेले करार २०२३ ते २०३३ अशा ११ हंगामांचे आहेत, एकूण सुमारे ११० अब्ज डॉलरचे. सीबीएस, एनबीसी, फॉक्स, डिस्ने आणि अ‍ॅमेझॉन त्यात आहेत. मालकांच्या वह्या बंद असतात, अपवाद फक्त ग्रीन बे पॅकर्सचा. हा संघ भागधारकांच्या मालकीचा असल्यामुळे दर जुलैत हिशेब जाहीर करतो. त्यात ‘राष्ट्रीय उत्पन्न’ म्हणून जो आकडा असतो तोच प्रत्येक संघाचा समान वाटा. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षासाठी तो ४३ कोटी २६ लाख डॉलर होता. त्याला ३२ नं गुणा, सगळ्या लीगचं वाटपाचं उत्पन्न १३.८ अब्जांवर जातं. एकही तिकीट विकण्याआधी प्रत्येक मालकाच्या खात्यात हा पैसा जमा होतो. ‘आमचा संघ तोट्यात आहे, स्टेडियमला शहरानं पैसे द्यावेत’ असं मालकाकडचं ‘सूत्र’ सांगत असेल तेव्हा हा आकडा समोर ठेवा.

आपल्याकडे आयपीएलच्या हक्कांचा जून २०२२ चा ई-लिलाव झाला तेव्हा बोली चढताना तासातासाला कळत होती आणि पाच वर्षांचे ४८,३९० कोटी रुपये हा आकडा लगेच जाहीर झाला. एनएफएल असा लिलाव करत नाही. लीग प्रत्येक वाहिनीशी स्वतंत्र, गुप्त बोलणी करते, आणि समोरच्याला दुसरा काय देतोय हे फक्त कानोकानी कळतं. त्यामुळे इथे फुटलेली बातमी हीच बोली असते. ‘अमुक स्ट्रीमिंग कंपनीला रविवारच्या सामन्यांत रस आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा जुन्या भागीदारानं किंमत वाढवावी म्हणून बाहेर येतं.

मुदतीचं महत्त्व सर्वांत उघड दिसतं ते केबल कंपन्या आणि वाहिन्यांच्या दरवादात. २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० कार्यक्रमांपैकी ९३ एनएफएलचे सामने होते. म्हणून वाहिन्या आपले करार फुटबॉल सुरू असताना संपतील अशा बेतानं लिहून घेतात. डिस्ने आणि केबल कंपनी चार्टर यांचा करार ३१ ऑगस्ट २०२३ ला संपला, सुमारे दीड कोटी घरांतून डिस्नेची क्रीडावाहिनी ईएसपीएन गायब झाली, आणि तडजोड झाली ती ११ सप्टेंबरला, सोमवार रात्रीच्या ‘मंडे नाइट’चा हंगामातला पहिला सामना सुरू व्हायच्या काही तास आधी. २०२५ मध्ये डिस्नेचा यूट्यूब टीव्ही या इंटरनेटवरून वाहिन्या दाखवणाऱ्या सेवेबरोबरचा वाद ३० ऑक्टोबरला पेटला आणि १४ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, चालला. फरक काय? चार्टरचा ग्राहक वायरला बांधलेला होता. यूट्यूबच्या मागे गूगलचा खिसा होता आणि तिला वाट पाहणं परवडत होतं. अशा वादात दोन्ही बाजूंची ‘आम्ही उदार प्रस्ताव दिला’ ही पत्रकं सोडून द्या. पुढचा मोठा सामना कोणत्या दिवशी आहे आणि तोवर कळ कोण काढू शकतो, एवढंच पाहा. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट: अशा काळात सेवा देणारी कंपनी बहुधा बिलात सूट देते, पण ती काही वेळा मागावी किंवा खात्यात जाऊन स्वतः घ्यावी लागते.

राजकारणाचा हात वाहिन्यांच्या गळ्यापर्यंत कसा पोचतो, यात एक फरक नीट समजून घ्या. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, परवाने देते ते अँटेनावरच्या स्थानिक स्टेशनांना. ईएसपीएन किंवा नेटफ्लिक्स यांना तसा परवाना लागत नाही. त्यामुळे दबाव येतो तो सीबीएस, एबीसी यांसारख्या जुन्या वाहिन्यांवर आणि तोही विलीनीकरणाच्या वेळी. सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट ही स्कायडान्स या कंपनीला विकायची होती, तेव्हा सीबीएसच्या मालकीच्या २८ स्टेशनांचे परवाने हस्तांतरित व्हायला एफसीसीची संमती लागत होती. २ जुलै २०२५ च्या सुमारास पॅरामाउंटनं अध्यक्ष ट्रम्प यांनी भरलेल्या खटल्यात १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली, २४ जुलैला संमती आली, ७ ऑगस्टला व्यवहार पूर्ण झाला. दोन्हींचा संबंध नाही असं कंपनीनं सांगितलं. तारखा तुमच्यासमोर आहेत.

कागदाचा नियम इथे कामाला येतो. एफसीसीपुढे चालू असलेल्या अशा प्रकरणात कोणी आयुक्तांना खासगीत भेटलं, तर बैठकीत काय बोलणं झालं याचं पत्र दोन कामकाजी दिवसांत सार्वजनिक नोंदीत टाकावं लागतं. स्कायडान्सचे डेव्हिड एलिसन आणि एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांच्या भेटीचं पत्रही असंच उपलब्ध झालं. पुढे कंपनीनं तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची आणि नोकऱ्यांमधल्या वैविध्याच्या योजना न चालवण्याची लेखी हमी दिली, तीही नोंदीत आहे. ही पत्रं कोरड्या वकिली भाषेत असतात, तरी दहा ‘सूत्रां’पेक्षा जास्त सांगतात. लॉबिंगचे अहवालही असेच तिमाही संपल्यावर २० तारखेपर्यंत, म्हणजे २० जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला दाखल होतात. एनएफएल कोणत्या विधेयकावर बोलत होती हे त्यात नावानिशी असतं. रकमेकडे फार पाहू नका, विधेयकांची यादी वाचा. मालकांची खरी ओळख आमदार-खासदारांशी स्टेडियमच्या खास दालनात होते आणि ती कोणत्याही अहवालात येत नाही.

आता पत्रकारांकडे वळू. अमेरिकेत बोलण्याच्या अटी चार. ‘ऑन द रेकॉर्ड’ म्हणजे नाव आणि वाक्य दोन्ही छापता येतं. ‘बॅकग्राउंड’ म्हणजे वाक्य छापायचं, नावाऐवजी ‘वरिष्ठ अधिकारी’ असं ठरलेलं वर्णन. ‘डीप बॅकग्राउंड’मध्ये माहिती वापरायची, पण ती कोणाकडूनही आली असं दाखवायचं नाही. ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणजे छापायचंच नाही. यांचे अर्थ प्रत्येक दालनात थोडे बदलतात, म्हणून अट बोलण्याआधी दोघांनी मान्य करायची असते. बोलून झाल्यावर ‘हे आपल्यातच’ म्हटलं तर पत्रकार बांधील नसतो. राजकारणी हे नियम चोख पाळतात. क्रीडा पत्रकारितेत मामला सैल आहे, कारण तिथला सौदा वेगळा असतो: एजंट बातमी पाच मिनिटं आधी देतो आणि पत्रकार त्याच्या खेळाडूचा आकडा मोठा करून लावतो. वार्ताहर कोणाचा पगार घेतो हेही पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार ईएसपीएननं लीगकडून तिची एनएफएल नेटवर्क ही वाहिनी घ्यायची आणि बदल्यात लीगला ईएसपीएनची १० टक्के मालकी द्यायची. ज्या संस्थेचं वार्तांकन करायचं, तीच भागधारक. यामुळे प्रत्येक बातमी खोटी ठरत नाही. मात्र कोणती बातमी आलीच नाही, याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

खेळाडूच्या कराराची बातमी वाचायची पद्धत ठरलेली आहे. मथळ्यातला आकडा सोडा. ‘पर्यंत’ हा शब्द असेल तर बोनस अटी पूर्ण झाल्यावरचा कमाल आकडा समजा. मग ‘सहीच्या वेळी पूर्ण हमी’ शोधा, तोच खरा पैसा. जुलै २०२० मध्ये पॅट्रिक माहोम्सचा करार १० वर्षांचा, ४५ कोटी डॉलरचा, बोनससह ५० कोटींवर असा गाजला. सहीच्या क्षणी पूर्ण हमी होती सुमारे ६ कोटी ३० लाखांची, बाकीची टप्प्याटप्प्यानं लागू होणारी. सहीचा बोनस वेतनमर्यादेच्या, म्हणजे संघानं खेळाडूंवर वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा त्याच्या, हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागतात. समजा ५ कोटींचा बोनस आहे, तर वर्षाला १ कोटी. दोन वर्षांनी खेळाडूला काढलं तर उरलेले ३ कोटी संघाच्या मर्यादेतून एकदम वजा होतात. १ जूननंतर काढलं तर त्या वर्षी १ आणि पुढच्या वर्षी २. म्हणून काही मोठी नावं जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटतात. मालक पूर्ण हमीला का विरोध करतात याचं एक कारण असं, की भविष्यातल्या हमीच्या पैशाचा मोठा भाग संघाला आधीच वेगळा ठेवावा लागतो.

आणि याच हमीवरून अलीकडचं सगळ्यात बोलकं प्रकरण झालं. मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँडनं डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलरचा संपूर्ण हमीचा करार दिला. बाकीचे मालक संतापले. काही दिवसांनी फ्लोरिडात मालकांची वार्षिक बैठक झाली. पुढे लमार जॅक्सन, कायलर मरे, रसेल विल्सन या खेळाडूंना तसे करार मिळाले नाहीत आणि खेळाडूंच्या संघटनेनं संगनमताची तक्रार केली. लवाद ख्रिस्तोफर ड्रोनी यांनी जानेवारी २०२५ मध्ये ६१ पानांचा निकाल दिला. त्या बैठकीत लीगनं संघांना हमी कमी करण्यास उत्तेजन दिलं हे त्यांनी मान्य केलं, पण संघांनी प्रत्यक्षात संगनमत केल्याचा पुरेसा पुरावा नाही असं म्हणून तक्रार फेटाळली. मालकांचे आपसांतले मोबाइल संदेशही त्या पानांत आले.

खरी गोष्ट पुढे आहे. हा निकाल लीगनं दाबला यात नवल नाही. खेळाडूंच्या संघटनेनंही तो महिनोन्‌महिने आपल्याच सभासदांपासून लपवला. पत्रकार पाब्लो टॉरे आणि माइक फ्लोरिओ यांनी जून २०२५ मध्ये तो उघड केला, आणि इतर वादांची भर पडून संघटनेचे प्रमुख लॉइड हॉवेल यांनी १७ जुलैला राजीनामा दिला. रोज करारांच्या बातम्या सर्वांत आधी देणाऱ्यांपैकी कोणाकडूनही हा कागद आला नाही. एजंट, लीग आणि संघ यांच्या मर्जीवर ज्यांची बातमी चालते, त्यांना असा कागद सापडणं कठीणच असतं. मला या धंद्यातलं हे सगळ्यात गंभीर दुखणं वाटतं. ज्या खेळाडूंच्या शरीरावर हा सगळा व्यवहार उभा आहे, त्यांनाच त्यांच्याबद्दलचा निकाल बाहेरून वाचावा लागला.

पुढच्या काळात लक्ष कुठे ठेवायचं? टीव्ही करारांतून २०२९ च्या हंगामानंतर बाहेर पडण्याचा हक्क लीगकडे आहे, ईएसपीएनच्या बाबतीत एक वर्ष नंतर. त्याआधीच बोलणी सुरू करायची तयारी गुडेल यांनी २०२५ मध्ये उघडपणे बोलून दाखवली. सीबीएसची मालकी बदलल्यामुळे त्या करारात लीगला आधी हालचाल करण्याची जागा आहे, आणि खेळाडूंचा सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंतचा आहे. हंगामात प्रत्येक संघाला अठरावा सामना खेळायला लावण्याबद्दलची प्रत्येक बातमी या दोन तारखांच्या मध्ये ठेवून वाचा. जादा सामना वाहिन्यांना विकायचा तर आधी खेळाडूंची संमती लागते, आणि संमती मिळण्याआधीच ‘सगळं ठरलंय’ असं सांगणारं सूत्र बहुधा विकणाऱ्याच्या बाजूचं असतं.